मान्सूनच्या आधी, आईच्या गुडघ्यांना विचारून

मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा आला की आपल्याकडे सगळे एका बातमीची वाट बघत असतात. ‘मान्सून अंदमानच्या समुद्रात दाखल.’ बाहेर बेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संध्याकाळपर्यंत संपलेलं, आणि तुरीचं रान नांगरून बसलेला शेतकरी टीव्हीसमोर. ही बातमी आली की घरात कुणीतरी ‘चला, सुटलो’ म्हणतंच. मीही दरवर्षी म्हणत आलो. त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर थायलंडचे फुकेत आणि क्राबी आहेत. तिथल्या नाववाल्याला याच बातमीचा अर्थ कळतो तो असा, की या वर्षीचा धंदा आवरायला घ्या.

गेले दोन महिने आमच्या घरात पहिल्या परदेश सहलीची तयारी चालू आहे. आई, बाबा, बायको, दुसरीतली मुलगी आणि मी. कोजागिरीला मंडळात हा विषय निघाला तेव्हा तीन कुटुंबांनी ‘आम्हालाही सांगा’ म्हटलं, म्हणून या वेळचा स्तंभ त्यावर. आम्ही अजून गेलेलो नाही. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे, तयारीची वही आहे.

बेटं बघायचीच तर परदेश कशाला, हा बाबांचा पहिला प्रश्न. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील (२०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) इथं पाणी तेवढंच निळं आहे, पासपोर्ट लागत नाही, आणि सेल्युलर जेल आहे. १९११ ते १९२१ सावरकर जिथं होते ती कोठडी बघायची बाबांची जुनी इच्छा आहे. शेवटी निकाल लागला तो बँकॉकमुळे. तिथल्या राजवाड्यातल्या देवळाच्या, म्हणजे वाट फ्रा केओच्या, ओवरीभर रामायण रंगवलेलं आहे, एकूण १७८ चित्रं. तिथले राजे स्वतःला राम पहिला, राम दुसरा असं म्हणवतात आणि त्यांच्या जुन्या राजधानीचं नाव अयुथया, म्हणजे आपली अयोध्या. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, ‘बरं, मग आधी हे दाखव. पण पुढच्या खेपेला अंदमान.’ करार झाला.

बायकोने मोबाईलवर बघून बेटांची यादी केली होती. यादी चांगली होती, पण मी आधी तारखांकडे वळलो. बेटांच्या सहलीत पहिला निर्णय तारखांचा, असं माझं ठाम मत झालं आहे. आपण सहलीच्या तारखा शाळेकडे बघून ठरवतो. दसऱ्याची सुट्टी किंवा उन्हाळ्याची. महाबळेश्वरला किंवा म्हैसूरला ते चालतं. समुद्राला आपली शाळा ठाऊक नाही.

फुकेत, क्राबी आणि फी फी ही बेटं थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, अंदमानच्या समुद्रात आहेत. आपल्याकडे जूनमध्ये येणारा नैर्ऋत्य मान्सून या किनाऱ्यावर थेट आदळतो. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत समुद्र खवळलेला. सिमिलन बेटं या काळात सरळ बंदच असतात, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. फी फीजवळची प्रसिद्ध माया बे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर बंद. बाकीच्या ठिकाणी नावा चालतात, पण रोज चालतीलच असं नाही, आणि पॅकेज स्वस्त असतं ते त्यामुळेच. जुलैतली आणि दसऱ्याच्या आगेमागेची जाहिरात निम्म्या दराची दिसली तर दर का निम्मा झाला ते आधी विचारावं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ नावाची पर्यटकांची मोठी बोट वादळात बुडाली. ४७ माणसं गेली, सगळे चिनी पर्यटक. हवामान खात्याचा इशारा होता, तरी बोट गेली होती. आमच्या घरात पाच माणसं, त्यात पोहता येणारं कुणी नाही. आपल्या भागात पोहायला शिकणार तरी कुठे? शेतातली विहीर नाहीतर गाणगापूरचा संगम, आणि संगमावरही आई ‘पायरीच्या पुढं जाऊ नको’ म्हणत उभी. त्यामुळे हवेच्या बाबतीत ‘बघू, होईल काहीतरी’ हे धोरण मी पहिल्याच दिवशी रद्द केलं.

ज्यांना जून-जुलैशिवाय रजाच मिळत नाही त्यांनी नकाशाच्या दुसऱ्या बाजूला बघावं. थायलंडच्या पूर्वेच्या आखातात को सामुई आहे. तिथं नैर्ऋत्य मान्सूनचा जोर कमी. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या तमिळनाडूसारखा. एकाच देशात दोन किनारे आणि दोन उलटे हंगाम.

पश्चिम किनाऱ्याचे उत्तम महिने डिसेंबर ते मार्च. तेव्हा आपल्याकडे शाळा आणि मार्चमध्ये वार्षिक परीक्षा. कर्नाटकात शाळा सुटतात एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास. लगेच निघावं तर १३ ते १५ एप्रिल तिथं सोंगक्रान, त्यांचं नववर्ष. शब्द आपलाच, संक्रांत. पण साजरं करतात रंगपंचमीसारखं, रस्त्यात दिसेल त्याला पाण्याने भिजवून. मुलीला स्वर्ग वाटेल. बाबांचा मोबाईल, आईची औषधांची पिशवी आणि वाढलेले हॉटेलचे दर यांचा विचार करून आम्ही तो आठवडा सोडला. उरली ती एप्रिलची शेवटची दहा दिवसांची खिडकी. समुद्र बहुतेक शांत, दुपारी कधी गडगडाटी सर, आणि ऊन. उन्हाचं मला कुणी सांगू नये. कलबुर्गीत एप्रिल काढलेल्या माणसाला फुकेतचे तेहतीस-चौतीस डिग्री म्हणजे घाम फार, एवढंच.

तारखा ठरल्यावर बेटांची यादी पुन्हा काढली. मध्यंतरी एका एजंटाने पाठवलेला कार्यक्रमही समोर होता. त्यात एका दिवसात सात बेटं होती. मी सवयीने तो एक्सेलमध्ये मांडला. हॉटेलवरून सकाळी आठला गाडी, धक्क्यावर नोंदणी, नऊच्या पुढे बोट सुटणार, संध्याकाळी चारला परत. हातात सात तास. फुकेत ते फी फी सुमारे ४५ किलोमीटर, स्पीडबोटीने जायला तास, यायला तास. जेवणाचा एक तास. उरले चार. त्यात सात ठिकाणी थांबायचं, प्रत्येक वेळी तीस-चाळीस माणसं उतरवायची आणि चढवायची. एका बेटाला वीस-पंचवीस मिनिटं पडतात. एवढ्या वेळात आईची चप्पलसुद्धा काढून होत नाही.

आणि या कार्यक्रमातलं खरं कोडं बेटांचं नव्हतंच, चढउताराचं होतं. क्राबीतली लाँगटेल म्हणजे लांब शेपटीसारख्या दांड्यावर पंखा लावलेली लाकडी होडी. ती पुष्कळदा वाळूला लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहते. माणसाने पाण्यातून चालत जायचं, मग लहानशा शिडीवरून आत. स्पीडबोट लाटेवर आपटते, आणि पाठीचं दुखणं असलेल्यांना व गरोदर बायकांना कंपन्या स्वतःच नाही म्हणतात. आईचं वय बासष्ट, दोन्ही गुडघ्यांची तक्रार. ती स्वतः काही बोलली नाही. बायको तिला फोटो दाखवत होती तेव्हा एवढंच विचारलं, ‘याला धरायला काय असतं गं?’

त्या प्रश्नावर सगळा कार्यक्रम पुन्हा लिहिला. आता प्रत्येक ठिकाणासमोर एक नवा रकाना आहे: कशात बसायचं, कुठून चढायचं, धरायला काय.

फी फीला स्पीडबोटीऐवजी मोठी फेरी. फुकेतच्या रसादा धक्क्यावरून सुटते, दोनेक तास लागतात, आत खुर्च्या, शौचालय आणि दोन्ही टोकांना पक्का धक्का. फी फी डॉनवर एक रात्र राहायचं. माया बे शेजारच्या फी फी ले बेटावर आहे. २००० साली आलेल्या ‘द बीच’ चित्रपटाने ती जगभर गाजली आणि गर्दीने तिथलं प्रवाळ मेलं, म्हणून जून २०१८ मध्ये सरकारने तिला टाळं लावलं ते १ जानेवारी २०२२ ला उघडलं. आता बोटींना खाडीत शिरता येत नाही. मागच्या बाजूला तरंगत्या धक्क्यावर उतरायचं आणि फळ्यांच्या वाटेने चालत जायचं. पोहायलाही बंदी. त्या टाळेबंदीत काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत आले, ते काठावरून दिसतात. न पोहणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीची जागा कुठली? तिथं बायको, मुलगी आणि मी जाऊ. आई-बाबा त्या सकाळी फी फी डॉनच्या किनाऱ्यावर शहाळं पीत बसतील, हे त्यांनीच ठरवलं आहे.

आईसाठी निवडलेलं बेट वेगळं आहे. फांग नगा उपसागर फुकेत आणि मुख्य भूमीच्या मधे असल्यामुळे तिथलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा शांत असतं. पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके, आणि को पान्यी नावाचं खांबांवर उभं असलेलं मच्छीमारांचं गाव, मशिदीसकट. १९७४ च्या एका बाँडपटामुळे तिथल्या एका सुळक्याला लोक जेम्स बाँड बेट म्हणतात. दिवसभराच्या मोठ्या बोटी तिथं जातात. सुळक्याजवळ मात्र लहान होडीत बदलावं लागतं. आईने उतरायचं की बोटीवरूनच बघायचं ते तिथं गेल्यावर तीच ठरवेल.

फुकेत स्वतःही बेटच आहे, थायलंडचं सर्वात मोठं, पण पुलाने जोडलेलं. त्यामुळे तिथून क्राबीला गाडीने अडीच-तीन तासांत जाता येतं. बोट लागत नाही.

क्राबीतली एक गोष्ट मला सर्वात जास्त आवडली. ‘चार बेटं’ नावाच्या सहलीत थाले वाएक म्हणून जागा आहे. ओहोटीला समुद्र दुभंगतो आणि वाळूची वाट वर येऊन शेजारची बेटं एकमेकांना जोडते. भरतीला तिथं नुसतं पाणी. आता हे केव्हा दिसेल ते शोधताना माझ्या लक्षात आलं की उत्तर स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, उधाणाची भरती येते, आणि तेवढीच खोल ओहोटीही. म्हणजे कालनिर्णयमध्ये पौर्णिमा किंवा अमावास्या बघायची आणि तिच्या आगेमागे दोन-तीन दिवस क्राबीत असायचं. अष्टमीच्या आसपास गेलात तर वाट निम्मी पाण्यात. कोकणातले लोक तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो ठोकताळा मात्र इथं लावू नये. प्रत्येक किनाऱ्याची घडी वेगळी. नेमक्या वेळेसाठी थायलंडच्या नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीचं कोष्टक काढतो, ते बघायचं. आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही हिशेबात धरायचं.

पण उधाणाचे दिवस आईला अडचणीचे. ओहोटी खोल गेली की होडी आणखी लांब उभी राहते, म्हणजे पाण्यातलं चालणं वाढतं. राइलेच्या पूर्व किनाऱ्याला तर ओहोटीला चिखलच. राइले बेट नाही, पण कडेकपारींनी तोडलेलं, त्यामुळे होडीशिवाय जाताच येत नाही. म्हणून राइले आम्ही काढून टाकलं. फोटो फार सुंदर आहेत. बायकोने दोन दिवस बोलणं कमी केलं होतं, मग स्वतःच त्या दिवसासमोर ‘फुकेत जुनं शहर’ लिहिलं. कथिलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यांची चिनी-पोर्तुगीज धाटणीची घरं, सपाट रस्ता, रविवारी संध्याकाळी बाजार. सासूबाईंना बाजार म्हटल्यावर गुडघे आठवत नाहीत, हे तिचं निरीक्षण.

आता कागद. आपल्या सीमाभागातल्या लोकांना इथं जास्त वेळ द्यावा लागतो. आईचा जन्म उमरग्याचा. जुन्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. सासर गुलबर्गा, १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी. बाईने दोन जिल्ह्यांत आयुष्य काढलं आणि दोघांनीही नाव बदललं. त्यात लग्नात तिचं स्वतःचं नावही बदललेलं, आणि आधार कार्डावर कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावातलं एक अक्षर वेगळंच झालेलं. पासपोर्टचा अर्ज भरायच्या आधी घरातल्या सगळ्यांचे आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणि शाळेचा दाखला एका टेबलावर मांडा आणि नावाचं एकेक अक्षर ताडून बघा. दुरुस्ती आधारपासून सुरू करा. आमच्या आईचं आडनाव नीट व्हायला तीन आठवडे गेले, म्हणून तिकिटं अजून काढलेली नाहीत. तिकिटावर नाव पासपोर्टवरच्याप्रमाणे जसंच्या तसं हवं, आणि पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने तरी शिल्लक हवी.

व्हिसाचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवसांची व्हिसामाफी दिली. हे नियम तिथलं सरकार बदलत असतं, तेव्हा तिकिटं काढायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा. १ मे २०२५ पासून एक डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्यासाठी शुल्क मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, बंद करा.

पैशांचं थोडक्यात. पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापतात; तो गेला असं समजू नका, आयकर विवरणात जमा धरता येतो, पावती जपा. बोटीच्या सहलीच्या दरात राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क बहुतेक वेळा धरलेलं नसतं. फी फीच्या उद्यानाचं परदेशी प्रौढांना ४०० बाट, मुलांना २००. आम्हा तिघांचेच हजार बाट झाले. विमा घेताना आईचा बीपी आणि बाबांची शुगर लपवू नका, आणि बोटीवरचा अपघात त्यात येतो का ते वाचा. सनस्क्रीन इथून नेणार असाल तर मागची बारीक अक्षरं बघा. प्रवाळाला मारणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटसारखी रसायनं असलेली क्रीम थायलंडच्या सागरी उद्यानांत ऑगस्ट २०२१ पासून बंद आहेत, दंड एक लाख बाटपर्यंत.

जेवणाची चिंता बाबांना. थाई भाषेत ‘जे’ असा शब्द आहे, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात दिसतो. त्या जेवणात मांस, अंडी, मासळीची चटणी काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. म्हणजे चातुर्मासातलं आपलं ताट. फुकेतमध्ये या शाकाहाराचा नऊ दिवसांचा उत्सवच असतो, चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून. २०२३ आणि २०२४ मध्ये तो आणि आपलं नवरात्र एकाच दिवशी सुरू झालं होतं. तोंडात सुया-सळ्या खुपसून निघणारी मिरवणूक मात्र लहान मुलांना दाखवावी की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. एप्रिलमध्ये उत्सव नसला तरी पाट्या असतात. तरीही आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा आकडा काढून ठेवला आहे: माणशी रोज दोन. ती आठ दिवस सहज टिकते, त्यामुळे वाद घालायला मला मुद्दा राहिलेला नाही.

राहिला प्रवासाचा पहिला टप्पा. इथून बेंगळुरूला रात्रीची रेल्वे की हैदराबादला गाडी, सुमारे सव्वादोनशे किलोमीटर? विमान चारेक तासांचं, पण बहुतेक रात्री-अपरात्री सुटतं. आईला रेल्वे बरी वाटते, बाबांना गाडी. आईचा पासपोर्ट हातात आला की त्या आठवड्यात ठरवू. वाचकांपैकी कुणी साठीपुढच्या माणसांना घेऊन फी फीची फेरी केली असेल तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. रसादा धक्क्यावर बोटीत शिरायला पायऱ्या आहेत की उतरती फळी, आणि कठडा एका बाजूला की दोन्ही, एवढंच हवं आहे. आमच्या वहीत तो रकाना अजून रिकामा आहे.